घड्याळावर जाऊ नकोस

प्रिय मिलिंद,

फिनलंडच्या धावपटू नुर्मीच्या पुतळ्याचा फोटो मिळाला. हेलसिंकीच्या त्या थंडीत अंगावर कपडा नाही आणि गडी आपला धावतोय! मागे ऑलिंपिक स्टेडियमचा मनोराही दिसला. त्याची उंची ७२.७१ मीटर का आहे, माहीत आहे? १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तुमच्या मात्ती यार्विनेननं भाला तेवढा लांब फेकला होता, म्हणून. मैदानी खेळांवर इतका जीव टाकणाऱ्या देशात तू राहतोस आणि तिथली मॅरेथॉन बघायलाही घराबाहेर पडत नाहीस, हे मी काकूंना सांगणार आहे.

आता तुझे प्रश्न. एक, नुर्मी आज धावला तर कितवा येईल? दोन, लांब पल्ल्याचा सगळ्यांत थोर धावपटू कोण? ‘एकच नाव सांग, भाषण नको’ अशी तुझी अट. नाव सांगतो, पण भाषण होणारच.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: शेवटचा येईल. १९२४ मध्ये नुर्मीनं १० हजार मीटरचा विश्वविक्रम केला, ३० मिनिटं ६.२ सेकंद. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला तेच अंतर २६ मिनिटं ११ सेकंदांत कापलं. दोघांना एकत्र पळवलं, तर चेप्टेगेई पाणी पीत उभा असेल तेव्हा नुर्मीच्या तीन फेऱ्या पूर्ण उरलेल्या असतील आणि चौथीतलाही तुकडा. आपल्या सैन्यदलातल्या गुलवीर सिंगचंच बघ. २०२५ च्या मार्चमध्ये तो २७ मिनिटं ०.२२ सेकंदांत धावला. ही वेळ १९९३ च्या उन्हाळ्यापर्यंत विश्वविक्रम ठरली असती! आज जागतिक यादीत तिचं स्थान पाहायला बरंच खाली जावं लागतं. म्हणून काय गुलवीर चेक धावपटू झाटोपेकपेक्षा थोर झाला? तो स्वतःही असं म्हणणार नाही.

आता एक गंमत सांगतो. १० हजार मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारा पहिला पुरुष एमिल झाटोपेक: १ जून १९५४, ब्रसेल्स, २८ मिनिटं ५४.२ सेकंद. २९ मिनिटांच्या आत धावणारी पहिली बाई केनियाची बिआट्रिस चेबेट: २५ मे २०२४, अमेरिकेतलं यूजीन, २८ मिनिटं ५४.१४ सेकंद. मध्ये सत्तर वर्षं, त्यात आठवडाभर कमी, आणि वेळ जवळजवळ तीच. एवढ्यावर संपत नाही. ब्रसेल्सच्या आधी दोनच दिवस झाटोपेकनं पॅरिसला ५ हजार मीटरचा विश्वविक्रम केला होता, १३ मिनिटं ५७.२ सेकंद. चेबेट २०२५ च्या जुलैत ५ हजार मीटर धावली १३ मिनिटं ५८.०६ सेकंदांत, १४ मिनिटांच्या आतली पहिली बाई. (त्या १९५४ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या बॅनिस्टरनं चार मिनिटांच्या आत मैल काढला होता. जगभर त्याचाच गाजावाजा, आणि तीन दिवसांत दोन विश्वविक्रम करणारा झाटोपेक आतल्या पानावर. मला याचा अजून राग येतो.)

आता या दोघांना एका रेषेवर उभं कर. आकडे म्हणतील बरोबरी. पण झाटोपेकच्या पायाखाली कोळशाच्या चुऱ्याची धावपट्टी, पाऊस पडला की चिखल. ऑलिंपिकला सिंथेटिक ट्रॅक आला तोच मुळी १९६८ मध्ये, मेक्सिकोला. आताच्या स्पाइक्सच्या तळाला हलका, उसळी देणारा फोम असतो आणि कडक पट्टी असते. शिवाय मोठ्या शर्यतींत ट्रॅकच्या आतल्या कडेनं दिवे पळतात, विक्रमाच्या वेगानं. दिव्याबरोबर राहायचं, बस. चेप्टेगेईचे २०२० चे ५ हजार आणि १० हजारचे दोन्ही विक्रम अशा दिव्यांच्या सोबतीनं झाले. नुर्मी बिचारा हातात स्टॉपवॉच धरून पळायचा. दिवाही तोच आणि वेग राखून देणारा पेसरही तोच.

रस्त्यावरच्या बुटांचं तर विचारू नकोस. २०१७ च्या सुमारास नाइकीचे ते जाड तळव्याचे बूट आले. प्रयोगशाळेत मोजलं, तर त्याच वेगानं धावायला सुमारे ४ टक्के कमी ऊर्जा लागते असं दिसलं. मग २०२० मध्ये तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा नियमच करावा लागला. केनियाचा किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नाला दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावला, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. पुढे गाडीतून रस्त्यावर पडणारी प्रकाशाची रेघ, भोवती आळीपाळीनं बदलणारे पेसर. ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही, हे योग्यच झालं. पण बघताना मी खुर्चीवर बसू शकलो नव्हतो, हेही खरं.

आणि उत्तेजकं. १९९० च्या दशकात रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ पसरलं, आणि ते पकडणारी चाचणी ऑलिंपिकला आली २००० मध्ये, सिडनीला. म्हणजे त्या दशकातल्या प्रत्येक मोठ्या वेळेकडे माणूस डोळे बारीक करून बघणार. चाचणी आली म्हणून शंका संपलीय असंही नाही. केनियाची रूथ चेपनगेटिच २०२४ मध्ये शिकागोला मॅरेथॉन २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत धावली. पुढच्या वर्षी चाचणीत सापडली आणि तीन वर्षांची बंदी आली. विक्रमाचं पुस्तक वाचताना हे सगळं पोटात ठेवूनच वाचायचं.

तर घड्याळ बाजूला ठेव. मी काय करतो, तर तो माणूस स्वतःच्या काळातल्या इतरांपासून किती पुढे होता ते पाहतो. या मापानं तुझा नुर्मी एकदम उठून उभा राहतो. १९ जून १९२४ ला, तुझ्या हेलसिंकीतच, एलाइन्तार्हाच्या मैदानावर त्यानं १५०० आणि ५ हजार मीटरचे विश्वविक्रम तासाभराच्या अंतरानं केले. कशासाठी, तर पॅरिस ऑलिंपिकमध्ये या दोन अंतिम शर्यती एकाच दिवशी, दोन तासांच्या आत होत्या, म्हणून रंगीत तालीम. पॅरिसला दोन्ही सुवर्णपदकं घेतली. मग कोलोंबच्या रणरणत्या उन्हातली क्रॉस कंट्री: ३८ जण सुटले, १५ पोहोचले, पहिला नुर्मी. तीन ऑलिंपिकमध्ये ९ सुवर्ण. चौथ्याला, १९३२ मध्ये, पैसे घेऊन धावतो म्हणून त्याला बाहेर ठेवलं. आता शर्यतीत नुसतं उभं राहायचे पैसे मिळतात!

या मापानं आणखी एक माणूस वर येतो, तो तुला आठवणार नाही कारण त्याच्याकडे ऑलिंपिकचं सुवर्ण नाही. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क. १९६५ मध्ये ऑस्लोला त्यानं १० हजार मीटरचा अधिकृत विक्रम ३६ सेकंदांनी मोडला. अरे, छत्तीस! आज विक्रम पाच-सहा सेकंदांनी मोडला तरी लोक डोक्यावर घेतात. तो मागचा विक्रमही त्याचाच होता; म्हणजे जुना क्लार्क नव्या क्लार्कच्या दोनशे मीटर मागे. पण १९६४ ला टोकियोत फक्त कांस्य, आणि १९६८ ला मेक्सिकोच्या विरळ हवेत तो रेषेपाशी कोसळला. १९६६ मध्ये तो प्रागला गेला होता. निघताना झाटोपेकनं विमानतळावर त्याच्या हातात एक छोटं पुडकं कोंबलं. त्यानं ते विमानात उघडलं, तर आत झाटोपेकचं स्वतःचं, हेलसिंकीचं १० हजार मीटरचं सुवर्णपदक!

झाटोपेकचं मी काय सांगणार? तुझ्या त्या स्टेडियममध्येच, १९५२ ला, आठ दिवसांत ५ हजार, १० हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही जिंकल्या. मॅरेथॉन तर आयुष्यातली पहिली! वाटेत त्यानं इंग्लंडच्या जिम पीटर्सला विचारलं, वेग बरोबर आहे ना? पीटर्स तेव्हाचा जगातला सगळ्यांत वेगवान मॅरेथॉनवाला. तो झाटोपेकला दमवायला म्हणाला, हळू चाललाय. हा भाबडेपणानं पुढे निघून गेला आणि पीटर्सलाच शर्यत सोडावी लागली. ५ हजार जिंकला त्याच दिवशी बायकोनं, डानानं, भालाफेकीत सुवर्ण घेतलं. आणि त्याच आठवड्यात, त्याच गावात आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. त्या आठवड्याचा हेलसिंकीचा पास मिळत असेल तर मी घर गहाण ठेवायला तयार आहे. धावताना मान एका खांद्यावर, तोंड वेडंवाकडं, जणू पोटात सुरी घुसलीय. सरावाला ४०० मीटरच्या शंभर-शंभर फेऱ्या मारायचा, मध्ये नुसतं हळू पळून दम घ्यायचा. आज जगात कुठेही कोच शिट्टी मारून ‘अजून एक चारशे’ म्हणतो, त्याच्या मुळाशी हा बाटाच्या कारखान्यातला पोरगा आहे.

इथपर्यंत आलं की झाटोपेकचं नाव घेऊन पत्र संपवावंसं वाटतं. पण या मापालाही एक मोठं भोक आहे. इतरांपेक्षा किती पुढे, हे खरं. पण इतर होते कोण? १९२० ला अँटवर्पमध्ये, नुर्मीच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये, आपल्याकडून मॅरेथॉनला बेळगावचा फडेप्पा चौगुले गेला होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांची वेळ युरोपातल्यांच्या जवळपास आहे हे त्यांच्या लक्षात आलं, त्यातून हे पथक गेलं. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. असे किती फडेप्पा असतील, ज्यांना कुणी बोटीवर चढवलंच नाही? इथिओपिया आणि केनिया ऑलिंपिकला पहिल्यांदा आले १९५६ मध्ये, आणि १९६० ला रोममध्ये अबेबे बिकिलानं अनवाणी मॅरेथॉन जिंकली. ज्या डोंगराळ मुलखांतून आज निम्म्याहून जास्त विजेते येतात, तिथला एकही माणूस नुर्मीच्या शर्यतीत नव्हता, झाटोपेकच्या हेलसिंकीतही नव्हता. बायकांचं तर त्याहून वाईट. ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ ला आणि १० हजार मीटर १९८८ ला. चेबेटची तुलना करायला मागे कुणी ठेवलंच नाही.

रिकाम्या वर्गात पहिलं येणं वेगळं. म्हणून माझं नाव: इथिओपियाचा केनेनिसा बेकेले.

तो धावला तेव्हा वर्ग खचाखच भरलेला होता. इथिओपिया, केनिया, मोरोक्को, एरिट्रिया, सगळे. त्या गर्दीत २००२ ते २००६ सलग पाच वर्षं जागतिक क्रॉस कंट्रीची छोटी आणि लांब, दोन्ही शर्यती जिंकला. एका शर्यतीचा चिखल पायांवरून धुवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. ऑलिंपिकची तीन सुवर्णं. जागतिक स्पर्धेत १० हजार मीटरला सलग चार. २००५ च्या जानेवारीत त्याच्यासोबत सराव करताना त्याची होणारी बायको कोसळली आणि गेली. त्याच ऑगस्टमध्ये तो १० हजार मीटर २६ मिनिटं १७.५३ सेकंदांत धावला. हा विक्रम पंधरा वर्षं टिकला आणि ५ हजारचा सोळा. ते मोडायला चेप्टेगेईला दिवे लागले आणि नवे बूट लागले, तरी १० हजारात साडेसहा सेकंद आणि ५ हजारात जेमतेम दोन सेकंद कमी झाले. आणि ज्या वयात बाकीचे कॉमेंट्री करतात त्या वयात बेकेलेनं बर्लिनची मॅरेथॉन २ तास १ मिनिट ४१ सेकंदांत काढली, तेव्हाच्या विश्वविक्रमाच्या दोन सेकंद मागे.

तू म्हणशील, मग किपचोगे? मॅरेथॉनपुरता तोच. ऑलिंपिकची दोन सुवर्णं, आणि बर्लिनमध्ये दोनदा विश्वविक्रम. २००३ च्या पॅरिसमध्ये १८ वर्षांचा असताना त्यानं ५ हजारात मोरोक्कोचा एल गेरूज आणि बेकेले दोघांनाही मागे टाकलं होतं, हेही मला ठाऊक आहे. पण ट्रॅक, चिखल आणि रस्ता असं सगळं एकत्र धरलं की बेकेलेच. केल्विन किप्टमबद्दल मी काही बोलत नाही. २०२३ ला मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत, आणि चार महिन्यांत गाडीच्या अपघातात गेला, वय २४. त्याला कुठल्या यादीत घालणार?

साबळेबद्दल विचारशील म्हणून सांगतो: बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचं ते पोर ३ हजार स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावलंय. यादीत नाही, पण घरात त्याचा फोटो आहे.

पुढच्या पत्रात तुझी पाच नावं क्रमानं पाठव. नुर्मीला पहिला ठेवलास तर समजून घेईन, शेवटी तिथलं मीठ खातोस. पण बेकेले पाचात नसेल, तर माझ्याकडून उत्तराची वाट बघू नकोस.

तुझा,
श्रीधर