न लागणारा दिवा

लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. तिथं सोल्डर ओढणारं कुणी तसं म्हणत नाही. 1985 साली मी तिथल्या एका गाळ्यात रेडिओ-टेप दुरुस्तीला होतो. रात्री गिरगावात एका माळ्यावर वर्ग चाले, तिथं जायचो.

मास्तरांनी एकदा हातात एकच आयसी ठेवली. 7400. चौदा पायांचा काळा किडा. आत चार नॅन्ड गेट. नॅन्डचा स्वभाव उलटा. दोन्ही वाटांनी वीज आली तरच हा गप्प, एरवी चालू. जोडणीचा नकाशा दिला, दोन बटणं दिली, एक एलईडी. म्हणाले, ‘‘हा दिवा लावून दाखव.’’

दोन तास घासलो. अ दाबलं. ब दाबलं. दोन्ही दाबली. दोन्ही सोडली. दोन बटणांच्या तऱ्हा चारच, पाचवी आणायची कुठून? एलईडी बदलली. सांधे पुन्हा ओढले. आणि मनात तेच जुनं बोलायला लागलं, शाळेत शेवटच्या बाकावर शिकलेलं. आपल्याला नाय जमायचं. आपला हातच जड.

मास्तर म्हणाले, ‘‘बटणं सोड, कागद घे. एकेका तारेला नाव दे.’’

दिलं. पहिल्या गेटातून निघते ती न. म्हणजे ‘अ आणि ब दोन्ही दाबलीत’ हे खोटं. न दुसऱ्या गेटच्या दोन्ही पायांत जाते, उलटी होऊन प बनते. प म्हणजे अ आणि ब दोन्ही दाबलीत. तिसऱ्या गेटात प आणि न एकत्र येतात, चौथं ते उलटून सरळ करतं, पुढं दिवा. म्हणजे दिवा = प आणि न. दोन्ही दाबलीत हे खरंही पाहिजे आणि खोटंही पाहिजे! अ, ब काहीही करा, उत्तर शून्य. दिवा फुटका नव्हता. हातही जड नव्हता. जोडणीच तशी होती.

मास्तर हसत होते. मला राग आला होता आणि बरंही वाटत होतं.

हे गणित जॉर्ज बूलचं. बाप चांभारकाम करायचा, इंग्लंडात लिंकन गावी. बूल 1815 चा. कॉलेजचं तोंड न पाहता शिकला, 1849 ला आयर्लंडात कॉर्कच्या कॉलेजात प्रोफेसर झाला, 1854 ला विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं. (चांभाराचं पोर तिकडं प्रोफेसर होतं, इकडं त्याच काळात आपल्या पोराला पाटी शिवू देत नव्हते. असो.) हे गणित वायरींना लागू पडतं हे क्लॉड शॅनननं 1937 ला अमेरिकेत एमएच्या तोडीच्या प्रबंधात दाखवलं.

नावं कशाला द्यायची तेही सांगतो. नाव न देता सगळं एकात एक घालत गेलं, तर जी तार दोन ठिकाणी जाते तिचं सगळं सूत्र दोनदा लिहावं लागतं. पुढं पुन्हा तसंच झालं की चारदा, मग आठदा. अशा दहा पायऱ्या झाल्या की 1024 वेळा. कागद पुरत नाही. 1968 साली त्सेइतिन नावाच्या रशियन माणसानं तोड छापली. मधल्या प्रत्येक तारेला आपलं नाव द्या आणि गेटागणिक दोन-तीन छोटी वाक्यं लिहा. प = अ आणि ब असेल तर एवढंच: प लागला तर अ लागलेला हवा. प लागला तर ब लागलेला हवा. अ, ब दोन्ही लागले तर प लागलाच पाहिजे. झालं. गेट हजार असले तरी वाक्यं तीनेक हजारच. मग एकच विचारायचं, ही सगळी वाक्यं एकदम खरी करून दिवा लागतो का?

1986 ला आयेनं पाटल्या मोडल्या. गिरगावात पागडीनं खोली बघायची ठरलं. चाळीचा मेहताजी गोड बोलायचा. ‘‘आम्ही जातबित मानत नाही हो. फक्त ओळख आणा. तुमच्या घराण्याला पिढीजात ओळखणारा पाहिजे.’’ मी मामांची चिठ्ठी नेली. म्हणाला, ‘‘छान. पण ओळख देणारा याच चाळीतला भाडेकरू पाहिजे ना.’’ मी दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी आणली, तो तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहायचा. ‘‘पण हे तुमच्या घराण्याला कुठं ओळखतात?’’

चार खेपा झाल्या. आये म्हणायची, ‘‘तुलाच नीट बोलता येत न्हाय. सायबासारका बोल की जरा.’’

एका रात्री वर्गाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं. अ: ओळख देणारा आमच्या घराण्याला पिढीजात ओळखतो. ब: तो या चाळीत राहतो. खोली मिळायला दोन्ही पाहिजेत, म्हणजे प. पण तेवढ्यानं शून्य येत नव्हतं. कुठंतरी न होती. ती मेहताजीच्या तोंडी नव्हती, पावतीवर नव्हती. जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची पाटी होती, ती डोळ्यांसमोर आणली. वरपासून खालपर्यंत एकही आडनाव आमच्यातलं नाही. पिढीजात ओळखतील ते आमचेच, आणि आमच्यातला कुणी आजवर आत घेतलेला नाही. अ आणि ब एकाच माणसात खरे होऊच दिलेले नाहीत. तेच चार गेट.

दुसऱ्या दिवशी तीन ओळी सुवाच्य अक्षरात लिहून नेल्या. म्हटलं, ‘‘मेहताजी, तुमच्या अटी लिहिल्यात. बरोबर असल्या तर सही करा.’’

पहिली वाचून म्हणाला, ‘‘हो.’’ दुसरी वाचून म्हणाला, ‘‘बरोबर.’’ तिसरी होती: ‘वरील दोन्ही ज्याच्यात आहेत असा माणूस या चाळीत ठेवत नाही.’

ती त्यानं दोनदा वाचली. चष्मा काढला. मग कागदाची घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाला, ‘‘असलं लिहून कशाला आणायचं?’’

कागद त्यानं परत दिला नाही.