चाळीस म्हणजे चाळीस नव्हे

नवा गठ्ठा आला की मी आधी शीटवर आडवं नख फिरवतो. खर्रर्र. पन्हळी पत्र्याचं छप्पर बोटाएवढं करून ठेवावं तशी ही प्लास्टिकची शीट. फक्त इथली प्रत्येक पन्हळ म्हणजे एक भिंग. जत्रेतला हलवला की बदलणारा देवाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तो यावरच होतो. ४० एलपीआय म्हणजे इंचात ४० भिंगं. एकेका भिंगाखाली, पाऊण मिलिमीटरही नसलेल्या जागेत, एक पट्टी विठ्ठलाची, एक रुक्मिणीची. कलतं केलं की भिंग एक झाकतं, दुसरी दाखवतं.

पहिल्या आषाढीला मी पाकिटावरचा आकडा खरा मानला. ए-थ्री उभं चित्र, भिंगं आडवी. चिकटवलं आणि पाहिलं तर मुकुट विठ्ठलाचा, त्याखाली रुक्मिणी, त्याखाली पुन्हा विठ्ठल! शीट प्रत्यक्षात ४०.१ होती. पाव टक्का फरक. पण साडेसोळा इंचांत साडेसहाशेच्या वर भिंगं येतात. शेवटपर्यंत जाताना चूक दीड भिंगाहून जास्त साचते. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, हे तर अर्धनारीनटेश्वर झालं." पैसे मागायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून आधी पिच टेस्ट. ४०.००, ४०.०५, ४०.१० अशा रेघांच्या पट्ट्या छापायच्या, वर शीट ठेवायची, एक डोळा मिटायचा. जी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच काळी, एकदमच पांढरी होते, ती आपली. हेही पाहायचं तिथूनच, जिथून गिऱ्हाईक पाहणार. कडेच्या भिंगांतून नजर तिरकी जाते, त्यामुळे हातात धरून जुळलेलं चित्र भिंतीवर टांगलं की बिघडतं. माझ्या फरशीवर सहा फुटांची खूण आहे, तिथे उभं राहून मान डोलवताना नवा पोऱ्या हसतो. हसू दे.

थ्रीडीला भिंगं उभी लागतात, कारण डोळे शेजारी शेजारी. प्रत्येक डोळ्याला वेगळी पट्टी दिसली की खोली तयार होते. पण भिंग आपल्याखालचं डावं-उजवं उलटं करतं, म्हणून पट्ट्याही उलट्या क्रमाने लावाव्या लागतात. गाब्रिएल लिपमनने १९०८ मध्ये माशीच्या डोळ्यासारख्या गोल भिंगांच्या जाळीतून फोटो काढायची कल्पना मांडली, तिथेही खोली उलटी पडायचा हाच तिढा होता. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, तेही रंगीत छायाचित्रणासाठी. ही जाळी बाजूलाच राहिली.

मीही एकदा क्रम विसरलो. भिंत पुढे आली, विठ्ठल मागे गेला, कमरेवरचे हात आत रुतले, साच्यात डोकावल्यासारखं. ते चित्र फेकणार होतो. आई म्हणाली, "राहू दे रे, देव आहे." आता ते मशिनच्या वर टांगलंय. येणारा प्रत्येक जण जवळ जातो, मागे येतो, डोळे चोळतो, आणि मग माझ्याकडे बघतो.