‘प्लीज’ कुठे ठेवलंय?

एक छोटीशी टेस्ट घ्या. ‘प्लीज’ला रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द सांगा. ‘कृपया’ म्हणालात? तो तर रेल्वे स्टेशनच्या अनाउन्समेंटमध्ये राहतो, नाहीतर ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ असल्या पाटीवर. घरी कुणी ‘आई, कृपया मीठ दे’ म्हटलं, तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. ‘थँक यू’चंही तेच. ‘धन्यवाद’ स्टेजवर हार-तुऱ्यांबरोबर शोभतो. मैत्रिणीच्या आईने रात्री अकराला गरमागरम पिठलं-भात वाढला आणि तुम्ही ‘आभारी आहे’ म्हणालात, तर काकू म्हणतील, ‘काय गं, परकी झालीस का?’

म्हणजे आपण मराठी माणसं उद्धट? मुळीच नाही! आपली सभ्यता वेगळ्या खणात ठेवलेली असते, एवढंच. ‘दे’, ‘दे ना’, ‘देतेस का?’, ‘द्या’, ‘द्याल का?’, ‘देता का जरा?’ बघा, क्रियापदाची शेपटी बदलली की समोरचा धाकटा आहे, बरोबरीचा आहे की मानाचा, सगळं कळतं. वर ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’ आहेतच. इंग्रजीत मात्र बॉसपासून बारक्यापर्यंत सगळ्यांना एकच ‘गिव्ह’. म्हणून तिथे आदब वेगळ्या शब्दाने चिकटवावी लागते. तो शब्द म्हणजे ‘प्लीज’.

हे सगळं भाषेच्या तासाला ठीक आहे, त्याने कुणाचं काय बिघडतं, असं वाटेल. आमच्या ऑफिसात बिघडलं. 2022 सालची गोष्ट. आम्ही मशीनच्या सुट्या भागांची डिझाइन्स करतो, क्लायंट जर्मनीतला. टीममध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावातला मुलगा आहे. कामात एकदम सॉल्लिड. स्वभाव असा, की पॅन्ट्रीतल्या मावशी उभ्या दिसल्या तर स्वतःची खुर्ची देईल. सहा महिन्यांच्या ऑनसाइटसाठी त्याचं नाव नक्की झालं होतं. गावाकडे घराचं बांधकाम अर्ध्यावर होतं, त्या पैशांतून स्लॅब पडणार होता.

आणि क्लायंटकडून फीडबॅक आला : टेक्निकली उत्तम, पण टोन उर्मट. ऑनसाइट होल्डवर.

पुरावा म्हणून त्याच्या मेल्स जोडल्या होत्या. ‘सेंड लेटेस्ट ड्रॉइंग. रिक्वायर्ड टुडे.’ वर नमस्कार नाही, खाली रिगार्ड्स नाहीत. मी वाचलं आणि मला त्यामागचं मराठी स्पष्ट ऐकू आलं. ‘लेटेस्ट ड्रॉइंग पाठवा, आज लागेल.’ ‘पाठव’ नाही हं, ‘पाठवा’! त्याच्या डोक्यात मान अगदी जागच्या जागी होता. इंग्रजीत जाताना ती ‘वा’ची शेपटी गळून पडली आणि उरला नुसता हुकूम.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमचीही मंडळी दुखावली होती. आमचे टीम लीड, पंधरा वर्षांचा अनुभव, सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. कॉलवर दहा जणांसमोर तिकडचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, ‘धिस इज राँग. वी कॅनॉट यूज इट.’ सर त्या दिवशी जेवले नाहीत. ‘चुकलं असेल रिपोर्टात. पण चारचौघांत असं बोलतात का?’ एवढंच म्हणाले.

म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच प्रोजेक्टवर, दोन्ही बाजूंना समोरचा उद्धट वाटला होता.

त्या वेळी मी बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत होते. तिथे पहिल्या काही तासांतच कळतं, की जर्मन माणूस सभ्यतेची पॅकिंग किती नीट करतो. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे त्यांचे ‘डू’ आणि ‘झी’. ‘झी’वरून ‘डू’वर यायचं तर तो प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. आता बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून ‘डू’ चालतं, पण अनोळखी माणसाला पत्र लिहिताना सुरुवातीला ‘सन्माननीय हेर अमुक’ आणि शेवटी ‘मैत्रीपूर्ण नमस्कार’ ठरलेला. (हेर म्हणजे श्रीयुत. गैरसमज नको!) आणि ‘बिटे’ हा शब्द तर दिवसभर राबतो. विनंतीला ‘बिटे’, कुणी आभार मानले की ‘बिटे’, ऐकू आलं नाही तरी ‘बिटे?’

पण हे वेष्टन उघडलं की आतला मजकूर सरळसोट. चूक असेल तर ‘चूक’. जमणार नसेल तर ‘नाही’. तो शेरा कामावर असतो, माणसावर नाही. उलट चूक दिसत असताना गोल गोल बोलणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं, असं तिकडे मानतात.

आपलं बरोब्बर उलटं. वेष्टनाची फिकीर नाही, पण मजकूर मऊ कापसात गुंडाळलेला. आठवून बघा. नारळ आपण ‘फोडत’ नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतो. दुकान बंद करायचं तर तेही वाढवतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणालात तर आजी उंबऱ्यातून परत बोलावते. ‘येतो’ म्हण! निघतानासुद्धा ‘जातो’ न म्हणणारी माणसं क्लायंटच्या तोंडावर ‘नाही जमणार’ कसं म्हणतील? म्हणून आपण ‘बघतो’ म्हणतो. ‘करू या’ म्हणतो. ‘थोडं अवघड आहे’ म्हणतो. पुण्यात हे ऐकून कुणीही ओळखेल, की काम होत नाहीये. तिकडच्या मिनिट्समध्ये मात्र या तिन्हींची नोंद ‘येस’ अशी झाली होती. मग डेडलाइनच्या दिवशी जे व्हायचं तेच झालं.

मी मॅनेजरला म्हटलं, मला पाच मिनिटं द्या. पुढच्या कॉलवर मी तिकडच्या लीडला फक्त ‘पाठव’ आणि ‘पाठवा’मधला फरक सांगितला. तो इंजिनिअरच. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुमचं बिटे क्रियापदात बसवलेलं असतं?’ हो, म्हटलं. ‘छान डिझाइन आहे,’ तो म्हणाला, ‘पण इंग्रजीत येताना हा पार्ट गळतो. माझ्यासाठी तो वेगळा जोडाल का?’ मग मीही विचारलं, ‘वाईट बातमी आधी आमच्या सरांना एकट्याला फोन करून सांगाल का?’ त्याला हे विचित्र वाटलं असणार, पण त्याने लिहून घेतलं.

सिनेमात असतं तर तो मुलगा दुसऱ्या दिवशी विमानात बसला असता. तसं झालं नाही. त्या वेळी दुसऱ्याच कुणाला पाठवलं. स्लॅब एक पावसाळा थांबला. या मुलाने मला कँटीनमध्ये जे सांगितलं ते मात्र विसरण्यासारखं नाही : ‘दर वाक्याला प्लीज लिहिताना भीक मागितल्यासारखं वाटतं बघ. आपल्या माणसाला कोण प्लीज म्हणतं?’ अगदी खरं होतं त्याचं. त्याच्या लेखी क्लायंटही आपलाच माणूस होता! ‘प्लीज’ म्हणजे अंतर, आणि अंतर म्हणजे अपमान. तिकडे तेच अंतर म्हणजे आदर. तुम्ही दुसऱ्याच्या दारावर टकटक करून आत येता, त्याला गृहीत धरत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो लीड पुण्यात आला. आईने जेवायला बोलावलं. पोळ्या आणि आमरस. तिकडे लहानपणापासून मुलांना सांगतात, की ताट स्वच्छ संपवलंस तर उद्या छान ऊन पडेल. त्यामुळे तो वाटी चाटूनपुसून संपवायचा. आणि आमच्याकडे पाहुण्याची रिकामी वाटी दिसली की यजमानीणबाईंचा हात थांबत नाही! तो संपवतोय, आई वाढतेय. चौथ्या वाटीला त्याने मला हळूच विचारलं, ‘इथे थांबतात कसं?’ म्हटलं, वाटीवर आडवा हात धरा आणि तीन वेळा नाही म्हणा. एकदा म्हटलेलं नाही इथे कुणी ऐकत नाही. तो गेल्यावर बाबा म्हणाले, ‘गुणी माणूस आहे. आग्रहाचा मान ठेवतो.’

त्यानंतर आमच्या टीमने दोन साधे नियम केले. मेलमध्ये पहिल्या ओळीत नाव आणि नमस्कार, विनंती असेल तिथे ‘प्लीज’. आणि ‘बघतो’ला बंदी : हो, नाही, किंवा कधी कळवू ती तारीख. पहिला नियम त्यांच्यासाठी, दुसराही त्यांच्यासाठीच, पण दुसऱ्याचा फायदा आम्हालाच जास्त झाला. निदान शनिवारी रात्री ‘बघतो’ची कामं करत बसावं लागत नाही.

तुमच्याही इनबॉक्समध्ये अशी एखादी मेल असेल, वाचून डोक्यात तिडीक गेलेली. रिप्लाय ऑल दाबण्याआधी ती पाठवणाऱ्याच्या भाषेत मनातल्या मनात वाचून बघा. भाषा येत नसेल तर फोन करा. बऱ्याचदा आवाजात ती हरवलेली ‘वा’ सापडते.

आणि आमचा सांगलीकर? आठ महिन्यांनी गेला. तिथे गेल्यावर कळलं, की आपल्या वाढदिवसाचा केक ऑफिसात आपणच न्यायचा असतो. त्याने मला मेसेज केला, ‘हे तर आपल्यासारखंच आहे की! पार्टी बर्थडे बॉयच्या खिशातून.’ त्याने केकबरोबर चिवडाही नेला. डबा रिकामा झाला. त्याच्या आईची सवय त्याच्यातही आहेच. दुसऱ्या दिवशी त्याने डबा पुन्हा भरून नेला.