आईचा मनीप्लांट

दवाखान्यातला मनीप्लांट आईने लावलेला. ती गेल्यावर त्याला कात्री लावणे माझ्याच्याने झाले नाही. वेल खिडकीच्या गजांवरून उतरत रुग्णांच्या बाकापर्यंत आली. बुडाशी पाने उरली नव्हती. नुसत्या लांब दोऱ्या आणि टोकाला झुबका.

गेल्या फेब्रुवारीत बाकावर बसलेल्या दीड वर्षाच्या मुलीने त्यातले एक पान चावले. ती किंचाळली, लाळ गळू लागली. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खाजतो, त्याचे कारणही हेच. मी तिच्या तोंडातले तुकडे काढले, ओल्या कापडाने जीभ-हिरड्या पुसल्या, थंड पाणी घोट घोट पाजले. थोड्या वेळाने ती शांत झाली. घरी असे झाल्यास उलटी करवू नका. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर लगेच रुग्णालय गाठा.

त्या मुलीच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण चूक माझीच होती.

संध्याकाळी हातमोजे घातले (चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते), कात्री स्पिरिटने पुसली आणि प्रत्येक वेल पेराच्या जरा वर कापली. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की ते डोळे फुटतात आणि झाड बुडापासून भरते. हे माहीत असूनही हात थरथरत होता.

नंतर मी तेच केले, जे करू नका म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना सांगतो. काळजीपोटी रोज पाणी घातले, वर खतही दिले. आठवड्यात उरलेली पाने पिवळी पडली. पाने कमी झाली की झाडाची पाण्याची गरजही घटते. जास्तीच्या पाण्याने मुळे कुजतात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी शिरा-पुरीचा डबा आणणाऱ्यांना मी रागावतो. इथे डबा आणणारा मीच होतो.

मग पाणी थांबवले. मातीत बोट खुपसून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच थोडे पाणी. ऊन थेट नको, उजेड मात्र भरपूर. खत बंद. तिसऱ्या आठवड्यात पेरापाशी हिरवा ठिपका दिसला.

कापलेले तुकडे, प्रत्येकाला किमान एक पेर ठेवून, बाटल्यांत लावले. त्यांतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून बाटली आतून घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. कुंडीखालच्या बशीचेही तसेच.

कुंडी आता उंच फळीवर आहे, मुलांच्या हाताबाहेर. एक बाटली माझ्या घरी आहे. आईची वेल कापली, म्हणूनच ती आता दोन ठिकाणी वाढते आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी वेल लोंबत असेल आणि लहान मूल रांगत असेल, तर आज कात्री घ्या. माझ्यासारखी वाट पाहू नका.