भोपळ्याची फोड आणि इंटरमिजिएट



गेल्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लाल भोपळ्याची मोठी फोड, दोन ढोबळ्या मिरच्या, पितळी तांब्या आणि मागे माझी जुनी हिरवी इरकल असं सगळं मांडून ठेवलं होतं, आणि त्यातल्या कशालाही हात लावायची मला मनाई होती. माझ्याच घरात! नात नववीत आहे, इंटरमिजिएटला बसणार आहे. चित्रकलेच्या बाईंनी घरी स्थिरचित्राचा सराव करायला सांगितला होता. वर्गात बाई कांदे मांडतात, कांद्याच्या सालीवर उजेड फार छान पडतो म्हणे. आता आपल्या घरात कांदा कुठून यायचा? म्हणून भोपळा.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. इंटरमिजिएटला दोन दिवसांत चार पेपर असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि चौथा भूमिती व अक्षरलेखनाचा. मला इतकी वर्षं वाटायचं, हात चांगला असला की झालं, त्यात शिकायचं काय असतं? यंदा तिच्याजवळ शेंगा सोलत बसायला लागले तेव्हा कळलं.

त्या तांब्याचंच सांगते. चाळीस वर्षं मी तो चिंचेने घासतेय. नात म्हणाली, "आज्जी, याचं तोंड कसं दिसतं सांग." म्हटलं, गोल. "नीट बघ." बघितलं तर गोल नव्हतंच, चपटं लांबट दिसत होतं. आपल्याला माहीत असतं म्हणून आपण गोल म्हणतो. आणि गंमत म्हणजे तळाची कड तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसते, कारण ती नजरेच्या जास्त खाली असते. नवखी मुलं तळाला सरळ रेघ मारतात आणि मग तांब्या कापून ठेवल्यासारखा दिसतो. सावलीचंही तसंच. मी म्हटलं, काळा रंग घे. तर काळा घ्यायचाच नाही म्हणे. साडीवर पडलेली सावली हिरवीच असते, जरा गडद. आणि भोपळ्याचा केशरी रंग तांब्याच्या पोटावर उतरलेला असतो, तोही रंगवायचा. मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होता.

पण मला अवघड वाटला तो भूमितीचा पेपर. एखादी घनाकृती समोरून कशी दिसेल आणि वरून कशी, हे मोजून-मापून काढायचं. इमारतीचे नकाशे याच रीतीने काढतात. संकल्पचित्र मात्र मला लगेच उमगलं. आपण विधानाच्या मंडलात रंगीत तांदूळ भरतो तेव्हा एक पाकळी मोठी झाली की पुढचं सगळं बिघडतं, तसंच ते. स्मरणचित्रासाठी मला खाली बसवून गहू निवडायला लावले. "हात हलवत राहा, पण मान हलवू नकोस." अर्ध्या तासात मान आखडली. चित्रात माझे डोळे ताटात अगदी रुतलेले होते. खडा, किडा बघताना मी अशी दिसते हे मला कुणी आजवर दाखवलं नव्हतं.

जाता जाता एक. ब्रश घेताना कृत्रिम केसांचाच मागा. पूर्वी चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसं मारली जात. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, तरी असे ब्रश चोरून विकले गेल्याचं उघडकीस आलेलं आहे. शाळेच्या कामाला नायलॉनचा ब्रश उत्तम चालतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा माझा मुलगा नको म्हणाला. तो सीए आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३. त्याने तिथल्या तिथे हिशोब केला, ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के. तेवढ्यासाठी इतके रविवार? आणि वर म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतं का?"

माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. हे वाक्य माझं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी ते त्याला म्हटलं होतं, याच स्वयंपाकघरात. एलिमेंटरीला त्याला ए ग्रेड होती. सरांनी घरी निरोप धाडला होता की मुलाला पुढे बसवा. मी बी.कॉम., हिशोबाला पक्की. गणिताची शिकवणी रविवारी होती, म्हणून फॉर्म भरू दिला नाही. रंगांची पेटी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. तो तेव्हा रडला नाही, वादही घातला नाही. त्यानंतर पेन्सिल हातात घेतलेला मी त्याला पाहिला नाही.

रात्री त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, "तुझ्या वेळी मी चुकले रे. पेटी तरी द्यायला नको होती." तो लॅपटॉपमधून वर न पाहता म्हणाला, "आई, जुनं झालं ते आता." मला वाटलं, संपलं. सकाळी सूनबाईंनी सांगितलं, फॉर्मवर सही झालीय.

तर तो रविवार. नात पाव इम्पीरियल कागदावर तांब्या काढून दमली होती, पुन्हा पुन्हा खोडत होती. मुलगा पाणी प्यायला आला आणि तिच्या मागे थांबला. "डावीकडे कलंडलाय," म्हणाला. तिने पेन्सिल पुढे केली. त्याने हात ताठ केला, एक डोळा मिटला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मापली, मग रुंदी. इतक्या वर्षांनी. मग खुर्ची ओढून बसला.

साडेपाच झाले. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची होती आणि भोपळ्याची भाजी करायची ठरली होती. मी विचारलं, "फोड उचलू का?"

दोघंही एकदम म्हणाले, "थांब!"

त्या दिवशी आम्ही वरणभातावर भागवलं.