वसिष्ठ-मरीचीच्या शेजारी फुटलेल्या ताऱ्यास

प्रिय एसएन २०२३ आयएक्सएफ,

तुझं नाव लिहिताना एखाद्या मोटारीचा नंबर टिपून घेतल्यासारखं वाटतं. अतिनवताऱ्यांचं बारसं असंच, सन आधी आणि अक्षरं मागून. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने तुला टिपलं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले होते. मे महिन्यात त्या वेळेला अर्धं बुऱ्हाणपूर गच्चीवर असतं. सप्तर्षी समोर, आणि वसिष्ठ-मरीचीशी त्रिकोण करणाऱ्या एम १०१ दीर्घिकेत तू. आम्ही कूस बदलून झोपलो. रागावू नकोस, दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तुझा उजेड नुसत्या डोळ्यांना पेलणारा नव्हता.

त्यातून सुरुवातीला तू इतका तापलेला, की तुझा बराचसा उजेड अतिनील. तो आमच्या डोक्यावरचा ओझोन अडवतो. एरवी त्याचे उपकारच, पण तुझ्या बाबतीत अडचण झाली. म्हणून तुला पाहायला ‘ॲस्ट्रोसॅट’ लागला. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून उडालेला हा उपग्रह साधारण ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्यावर ३८ सेंटिमीटर आरशांच्या दोन दुर्बिणी आहेत. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्या उभ्या केल्या, पुण्याच्या आयुका या संस्थेचाही त्यात हात. जवळच्या अतिनील पट्ट्याचा डोळा २०१८मध्येच मिटला होता. दूरच्या पट्ट्याचा उघडा राहिला, त्याने तुला पाहिलं. खालून लडाखमधल्या हानलेची चंद्रा दुर्बीणही तुझ्याकडे वळली.

खरं सांगू? मला तुझ्या स्फोटापेक्षा तुझ्या अंगणाचं कुतूहल जास्त. तुझ्या वर्णपटात काही बारीक, उजळ रेषा दिसल्या आणि आठवडाभरात विरल्या. त्या तुझ्या नव्हत्या, तुझ्याभोवतीच्या दाट वायूच्या होत्या. मरण्याआधीच्या थोड्याच वर्षांत तू स्वतःच अंगावरचे थर उधळलेस, स्फोटाच्या झगमगाटाने ते पेटले, आणि तुझा धक्का त्यांना ओलांडून गेला तशा रेषा पुसल्या. आठवडा उशीर झाला असता तर ही हकीकत हातची गेली असती. 

तुझ्या थरांवरून आठवलं, आमच्याकडे १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाकडे येतं. वरून दिसतात फक्त ओळीने कुंड्यांची तोंडं. आत उतरलं की भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं भेटतात, चारशे वर्षांच्या झिरपण्याची. तुझी पुटं बघायला मात्र वर चढावं लागलं, आणि तीही सात-आठ दिवसांत गेली.

आता तू मंदावलास. पण धक्का अजून बाहेर पसरतोय, त्या थरांच्याही आधी कधीतरी तू सोडलेल्या विरळ वायूकडे. तिथे काही पेटलं, तर अतिनीलातच कळव.

बुऱ्हाणपूरच्या एका गच्चीवरून,
तुझा एक उशिरा जागा झालेला शेजारी