उजेड छताला मारायचा

दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. जाताना मुठीत मावेल एवढी एक काळी डबी टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, हा फ्लॅश तुम्हाला राहू द्या. माझ्याकडे नुसता पडून असतो."

निकॉनचा एसबी-400. कंपनीने 2006 साली काढलेला, आता नवा मिळत नाही. वजन साधारण सव्वाशे ग्रॅम, आत दोन पेन्सिल सेल. माझ्या जुन्या निकॉनवर चपखल बसला. मोठ्या फ्लॅशचं धूड मानेला लटकवून फिरायचं आता माझं वय नाही, त्यामुळे एवढासा जीव पाहून बरं वाटलं.

याची खुबी म्हणजे याचं डोकं वर वळतं. समोरच्याच्या तोंडावर उजेड न मारता छतावर मारायचा, तो तिथून पसरून खाली येतो. खिडकीतून यावा तसा मऊ. वर जाऊन खाली येईपर्यंत उजेड बराच खर्ची पडतो, म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ 100 वरून 400 वर न्यायचा, म्हणजे फ्लॅशचा पल्ला दुप्पट होतो. एक खोड मात्र आहे. डोकं फक्त वर वळतं, बाजूला नाही. कॅमेरा उभा धरला की उजेड छताऐवजी बाजूच्या भिंतीवर जातो. आमच्या नांदेडच्या घरात ती भिंत पिस्ता रंगाची. सौभाग्यवती दोन दिवस पिस्ता रंगाच्या झाल्या होत्या. असो.

चार-आठ दिवस घरभर हेच चाललं. पुरणपोळीचं ताट, नातीचा अभ्यास, जुनी पत्रं. आणि दर वेळी मला 1990 सालच्या गौरींचा तो एक फोटो आठवत राहिला.

तेव्हा मी नोकरीनिमित्त नांदेडला, आई गावी, औसा तालुक्यात. शाळेतल्या एका सहकाऱ्याचा यशिका एमएफ-2 उसना घेऊन गेलो होतो. फ्लॅश त्यातच होता, बारीक शिटी वाजवत चार्ज व्हायचा. गौरीपुढे आईला बसवलं, चार फुटांवर उभा राहिलो आणि बटण दाबलं. लातूरहून प्रिंट आले. आईचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा. चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या. आणि मागे? काही नाही. नुसता काळोख. रोलमधले घरातले बाकीचे फोटोही असेच.

कारण साधं आहे, तेव्हा मला माहीत नव्हतं एवढंच. अंतर तिप्पट झालं की उजेड नववा हिस्सा उरतो. आई चार फुटांवर, मागची भिंत बारा फुटांवर. आईला सगळा उजेड मिळाला, घराला मिळालाच नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नीट काढू.

पुढच्या वर्षी राहिलं, त्याच्या पुढच्याही. मग 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. 6.2 रिश्टर. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाची फूट-दीड फूट माती, तीच माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून आई आणि ताई वाचल्या. घराचे तीन खण मात्र बसले. राहिलेलं माळवद आम्हीच उतरवलं, कारण आई त्याखाली झोपायला तयार होईना. वर पत्रे आले. पुढे आठ वर्षांनी आई गेली.

त्या घराचा आतून काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही. तुळया, मधला खांब, जात्याची जागा, काही नाही. आईमागे तो सगळा काळोख आहे, त्यातच ते घर आहे.

आता वाटतं, तेव्हा हा छोटा फ्लॅश असता तरी काय झालं असतं? माळवदाखालची लाकडं चुलीच्या धुराने काळी कुळकुळीत. तिथून उजेड परत आलाच नसता. मास्तरांनी दार सताड उघडून, आईला उंबऱ्याजवळ बसवून फोटो काढायला हवा होता. एवढी साधी अक्कल सुचली नाही.

गेल्या महिन्यात गावी गेलो. ताई आता चौऱ्यांशीची. पत्र्याखाली भाच्याने उन्हाच्या तावासाठी पांढरं थर्माकोल ठोकून घेतलंय. मला तर लॉटरीच लागली! ताईला जुन्या भिंतीपुढे बसवलं. मूळच्या घरातली तेवढीच एक भिंत अजून उभी आहे. फ्लॅशचं डोकं वर केलं तशी ताई चिडली. "आरं, उजीड वर कशाला मारलालास? मी हितं हाव की!"

"बस गं गप, बघ तर खरं," म्हणालो.

फोटो तिला दाखवला. चष्म्याआडचे डोळे स्वच्छ दिसत होते, गालावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. ताईने स्वतःकडे बघितलंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "कोनाडा आलाय की रं. आई दिवा ठेवायची तो."